झिरोला आईला घेऊन जायचंय, नुसते पॉइंट बघायचे नाहीयेत. कोणी गेलंय का?

घोडबंदरचा_वैतागलेला
नमस्कार मंडळी. दरवर्षी आमचं तेच, मे महिना आला की महाबळेश्वर नाहीतर मनाली आणि दोन्हीकडे ठाण्यातलीच माणसं भेटतात, मागच्या वेळी तर आमच्याच सोसायटीचे सेक्रेटरी मॉल रोडवर समोर उभे, तिथेही पार्किंगचा विषय काढला त्यांनी. म्हणून यंदा अरुणाचलमधल्या झिरोला जायचं डोक्यात आहे, आपातानी लोकांची गावं बघायची, त्यांच्यात राहायचं. मी, बायको, मुलगा दहा वर्षांचा आणि आई. आई ६४ ची, गुडघे बरे आहेत पण शाकाहारी, अंडं फक्त केकमधलं चालतं. प्रश्न असे की मार्चमध्ये म्योको नावाचा सण असतो म्हणे तेव्हा जावं की सप्टेंबरात, आईच्या जेवणाचं काय, आणि उंचीचा त्रास होतो का? टूरवाल्याला विचारलं तर त्याने दोन रात्रींचं झिरो आणि आठ "पॉइंट" लिहून दिले. मला पॉइंट नकोत हो.

सह्याद्री_सोडून_कुठेही
उंची १५००-१६०० मीटर आहे, महाबळेश्वरहून थोडीशीच जास्त, त्यामुळे श्वासाबिसाचा काही प्रश्न नाही, लडाखशी गल्लत करू नका. इनर लाइन परमिट म्हणजे अरुणाचलात शिरायचा परवाना लागतो, भारतीयांनाही, ऑनलाइन मिळतं, मुलाचंही काढा आणि प्रिंट खिशात ठेवा. मुंबईहून गुवाहाटी विमान, तिथून रात्रीच्या ट्रेनने सकाळी नाहरलागून स्टेशन, पुढे शेअर सुमो. शंभरेक किलोमीटर आहे पण चार तास धरा, दरड आली तर कितीही. इटानगरजवळ होलोंगीचा विमानतळ २०२२ ला सुरू झालाय, तो घेतला तर ट्रेन वाचते. सुमोत आईंना पुढची सीट आदल्या दिवशीच सांगून ठेवा. सप्टेंबरच्या शेवटी म्युझिक फेस्टिव्हल असतो, त्या आठवड्यात होमस्टे मिळत नाहीत आणि मिळाले तर परवडत नाहीत. कॅश ठेवा.

कोपरीची_सुलू
दादा आम्ही ऑक्टोबरमध्ये गेलेलो, मी, नवरा आणि सासूबाई, म्हणजे तुमच्यासारखीच केस, फक्त सासूबाई मासे खातात.

आधी सणाचं सांगते. म्योको मार्चच्या शेवटी असतो, गावांची आळीपाळी असते, दर तीन वर्षांनी एकेकाची पाळी, आणि ज्यांची पाळी त्यांच्या घराघरात पाहुण्यांना बोलावून बसवतात, तांदळाची बिअर देतात, नको म्हटलं तर वाईट वाटतं त्यांना. ऐकायला भारी आहे, पण त्यात डुकरांचे बळी असतात, एखाददुसरा नाही, खूप, आणि सगळं अंगणात समोरच. त्यांच्या दृष्टीने ते पवित्र काम आहे, आपण नाक मुरडायचं कारण नाही, पण केकमधलं अंडं खाणाऱ्या आईला तिथे उभं करू नका, त्यांनाही त्रास आणि यजमानांनाही अवघड. ५ जुलैचा द्री सौम्य असतो, पिकाला कीड लागू नये म्हणून करतात, काकडी वाटतात, पण जुलैमध्ये त्या रस्त्याने सुमो म्हणजे आपला माळशेज घाट लांबच लांब.

आम्ही कुठलाच सण नसताना गेलो आणि मला विचाराल तर तेच बरं झालं. हापोली म्हणजे बाजाराचं गाव, तिथे हॉटेलं आहेत, पण आम्ही होंग गावात एका घरी राहिलो. घरं बांबूच्या खांबांवर, एकाला एक चिकटून, अगदी चाळीसारखी, आणि घराच्या मध्यात चूल. चुलीवर वर बांबूची फळी टांगलेली, त्यावर मांस मासे धुरात वाळत असतात, कपड्यांना जो वास लागतो तो ठाण्यात येऊन तीन धुण्यांनी गेला. सगळं काही त्या चुलीभोवती चालतं. पहिल्या संध्याकाळी आम्ही बावळटासारखे खोलीत बसून नेटवर्क शोधत होतो, अंधार पाचलाच पडतो तिकडे, मग मालकीणबाईंनी दार वाजवून हिंदीत विचारलं की थंडीत काय बसलात. हिंदी सगळ्यांना येते बरं का, अरुणाचलमध्ये वेगवेगळ्या जमातीचे लोक आपसात हिंदीच बोलतात, फक्त अगदी म्हाताऱ्यांना कमी येते.

तर चुलीपाशी त्यांची आजी होती. नाकाच्या दोन्ही बाजूंना काळ्या चकत्या, कपाळापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत गोंदलेली निळी रेघ, हनुवटीवर पाच रेघा. आता नेटवर सगळे लिहितात की पळवून नेऊ नये म्हणून बायकांना कुरूप करायचे. मी शहाणपणा करून नातीला तेच विचारलं, तर ती हसली आणि म्हणाली की आजीला विचार, तिच्या वेळी हे नसेल तर लग्न जमत नव्हतं. १९७० च्या सुमारास बंद झालं ते, म्हणून आता फक्त वयस्कर बायकांच्यातच दिसतं. आणि आमच्या सासूबाईंच्या हातावर गोंदण आहे, तुळशी वृंदावन आणि सासऱ्यांचं नाव. आजीने तो हात ओढून चुलीच्या उजेडात धरला, अंगठ्याने घासून बघितलं जातंय का, मग स्वतःच्या हनुवटीवर बोट ठेवून तोंड असं वाकडं केलं की बाई गं किती दुखलेलं. सासूबाईंनी पण तस्संच तोंड केलं. एक शब्द समाईक नाही आणि दोघी तासभर बसलेल्या, मी आपली मध्ये दुभाषी म्हणून बसलेले तर मला कोणी विचारेना.

जेवण: भात, उकडलेली पालेभाजी, डाळ, बटाटा मिळतो, तेल मसाला जवळपास नाही. ताप्यो म्हणून काळसर खारं असतं, वनस्पती जाळून त्या राखेपासून करतात, पूर्वी मीठ मिळायचं नाही म्हणून. ते असलेल्या पदार्थात बहुतेक डुकराचं मांस असतं, तेवढं विचारून घ्या. मेतकूट, लसणाची चटणी न्या, आमची चटणी तिसऱ्या दिवशी त्यांनीच संपवली.

कॅमेरा_विकला
सुलूताई छान लिहिलंय. मी उलटं केलेलं म्हणून सांगतो. मोठी लेन्स घेऊन गेलो, हिजा गावात एक म्हातारी बाई लपांगवर बसलेली, लपांग म्हणजे लाकडी ओटा, आपल्या पारासारखा, गावची सभा पूजा तिथेच. मी लांबून धडाधड फोटो काढले. तिने बघितलं आणि शांतपणे पाठ फिरवून बसली, शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. तिच्या नातवाने येऊन फोटो दाखव म्हटलं, बघितले, आणि विचारलं तुझ्या आजीचे असे काढलेस का कधी. नव्हते काढले. डिलीट केले सगळे. आधी बसा, चहा प्या, विचारा, हो म्हटलं तर काढा.

सह्याद्री_सोडून_कुठेही
पैसे देऊन फोटो काढू देतात काही जणी, त्यात काय एवढं. आपल्याकडे वासुदेवाला आपण पैसे देतोच की.

कॅमेरा_विकला
वासुदेव स्वतः दारात येतो भाऊ. इथे तुम्ही त्यांच्या दारात गेलेले असता.

गावठाणवाला
मी आगरी, नेरुळ बाजूचा. शेतीवर कोणी लिहिलंच नाही म्हणून टायपतोय. झिरोला मी फक्त शेतं बघायला गेलेलो, ऑफिसातले हसले. त्या खोऱ्यात भाताच्या खाचरातच मासे वाढवतात, खाचरात चर आणि खड्डा खणलेला असतो, पाणी कमी झालं की मासे त्यात जमतात, आणि बांध रिकामा सोडत नाहीत, त्यावर नाचणी लावतात. बैल नाही, नांगर नाही, सगळं कुदळीने आणि हाताने. पाणी वरच्या खाचरातून खालच्यात बांबूच्या किंवा लाकडी नळीतून सोडतात, नळीचं तोंड बंद केलं की पाणी बंद. मी एका काकांबरोबर अर्धा दिवस बांधावर उकिडवा बसलो. त्यांना सांगितलं की आमच्याकडे पण खारभात होता, खाडीचं पाणी अडवायला बांध आणि उघाडी म्हणजे पाणी सोडायचं दार, पहिल्या पावसात वलगणीचे म्हणजे अंडी घालायला येणारे मासे खाचरात चढायचे, निवटे, चिंबोऱ्या, तळ्यात जिताडा सोडलेला. ते म्हणाले मग आता काय लावता? मी म्हटलं आता सेक्टर आहेत. सेक्टर म्हणजे काय हे समजावता समजावता माझीच दमछाक झाली, त्यांना वाटलं नवीन पीक आहे.

तुमच्या पोराला हे दाखवा. महिना ठरवताना हे बघा: रोप लावणी एप्रिल-मेच्या आसपास, जुलै-ऑगस्टला हिरवंगार, सप्टेंबर-ऑक्टोबरला पिवळं आणि कापणी. मार्चमध्ये खाचरं मोकळी असतात. मी ऑक्टोबरच म्हणेन. आणि बांधावरून चालताना मधेच पाय देऊ नका, बांध फुटला तर पाणी आणि मासे दोन्ही खालच्याच्या शेतात, मग भांडणं आपल्यासारखीच.

घोडबंदरचा_वैतागलेला
सगळ्यांचे आभार, एवढं टूरवाल्याने जन्मात सांगितलं नसतं. ऑक्टोबर पक्का, दसऱ्यानंतर, होंगमध्ये चार रात्री, पॉइंट शून्य. आईला सुलूताईंची पोस्ट वाचून दाखवली. ती म्हणाली गोंदण माझ्याही हातावर आहे, तुला कधी दिसलं? खरंच आहे, मनगटाच्या आत, घड्याळाच्या पट्ट्याखाली तीन ठिपके, मला बेचाळीस वर्षात माहीत नव्हतं.

सुलूताई, चटणी किती न्यावी? पाव किलो पुरेल का?

कोपरीची_सुलू
अर्धा न्या. आणि काकूंना घड्याळ काढून ठेवायला सांगा.