राजकीय अलिप्तता आणि अंतर्गत मतभेद : बहाई भूमिकेविषयी एक शंका

प्रश्न

गेले काही महिने मी बहाई धर्माविषयी वाचत आहे. पुरोहितवर्ग नसणे, वंशभेदाचा स्पष्ट निषेध, मुलींच्या शिक्षणाचा आग्रह हे सारे मला मनापासून पटते. पण दोन नियम शेजारी ठेवले की मन अडखळते. बहाई व्यक्तीने कोणत्याही राजकीय पक्षात जाऊ नये आणि देशातील सरकारच्या आज्ञेत राहावे, हा पहिला. धर्माच्या आत राहून जो सर्वोच्च नेतृत्वाचा अधिकारच नाकारतो, त्याला करारभंग करणारा ठरवून त्याच्याशी सर्व संबंध तोडावेत, हा दुसरा. म्हणजे सत्ता अन्यायी असली तरी तिच्याशी संघर्ष टाळायचा आणि आपल्यातल्याच विरोधकाला मात्र दूर लोटायचे, असा याचा अर्थ घ्यायचा का?

प्रतिसाद १

मी बहाई कुटुंबात वाढले आहे, म्हणून पहिल्या नियमाविषयी आधी लिहिते. आज्ञापालनाला आमच्याकडे एक ठाम सीमा आहे : सरकारने श्रद्धा नाकारायला सांगितले, तर ते ऐकायचे नाही. इराणमध्ये 1980 साली राष्ट्रीय आध्यात्मिक सभेचे, म्हणजे देशातील बहाई समाजाचा कारभार पाहणाऱ्या निर्वाचित मंडळाचे, नऊही सदस्य पळवून नेले गेले, ते पुन्हा कधीच दिसले नाहीत. त्यांच्या जागी निवडून आलेल्यांपैकी आठ जणांना 1981 च्या डिसेंबरात मृत्युदंड दिला गेला. 1983 साली सरकारने बहाई संस्थांवर बंदी घातली, तेव्हा तिसऱ्या सभेने आज्ञा मानून स्वतःचे विसर्जन केले. मात्र त्याच वेळी खुले पत्र लिहून आपल्यावरील आरोप एकेक करून खोडून काढले. त्याच वर्षी जूनमध्ये शिराझ येथे दहा स्त्रियांना फाशी देण्यात आली. त्यांतली सर्वांत लहान सतरा वर्षांची होती आणि मुलांचे वर्ग घेणे हाही तिचा गुन्हा मानला गेला होता. श्रद्धा सोडल्याचे सांगितले असते, तर त्यांचा जीव वाचला असता. याला मी तरी सत्तेपुढे झुकणे म्हणू शकत नाही.

प्रतिसाद २

इराणमधील धैर्याबद्दल दुमत नाही, पण प्रश्नाचा दुसरा भाग त्यामुळे सुटत नाही. धर्म सोडून जायला मोकळीक आहे, सोडणारा करारभंग करणारा ठरत नाही, आणि सभेत विचारविनिमय चालू असताना कोणीही विरोधी मत मांडू शकतो, हे मान्य. अडचण निर्णयानंतर सुरू होते. निर्णय चुकीचा वाटला तरी सर्वांनी तो एकजुटीने पाळावा, म्हणजे चूक आपोआप उघडी पडेल, असे धर्मसंस्थापक बहाउल्ला यांचे पुत्र आणि वारस अब्दुल-बहा यांचे सांगणे आहे. निवडणुकीत उमेदवारी नाही, प्रचार नाही, गट बांधणे नाही. धर्माविषयीचे लेखनही प्रकाशनापूर्वी तपासून घ्यावे लागते. एकट्याला बोलता येते, पण अल्पमताला एकत्र येण्याची वाटच उरत नाही.

प्रतिसाद ३ (प्रतिसाद १ च्या लेखिकेकडून)

वाट अरुंद आहे, हे मी नाकारत नाही. तिचे कारण इतिहासात आहे. 1957 साली धर्मसंरक्षक, म्हणजे तेव्हाचे धर्माचे सर्वोच्च प्रमुख, शोघी एफेंदी वारस न नेमता गेले आणि 1960 साली ज्येष्ठ बहाई पदाधिकारी मेसन रेमी यांनी आपणच दुसरे धर्मसंरक्षक असल्याचा दावा केला. त्यांना बहिष्कृत केले नसते, तर 1963 साली इस्रायलमधील हैफा येथील विश्व न्याय मंदिराची, म्हणजे धर्माच्या सर्वोच्च निर्वाचित मंडळाची, पहिली निवडणूक होण्याआधीच समाज दुभंगला असता, असे मला वाटते. साध्या मतभेदाला करारभंग म्हणत नाहीत. तो शब्द अधिकारावरच हक्क सांगणाऱ्यांसाठी आहे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. अलिप्ततेविषयीचे माझे मत शिराझच्या उल्लेखाने बदलले. अलिप्तता आणि मौन या दोन गोष्टी मी एकच समजत होतो. बहिष्काराविषयी मात्र समाधान झालेले नाही. शोघी एफेंदी यांनी आपल्या सख्ख्या भावंडांशीही याच कारणाने संबंध तोडले होते. अधिकारावरचा दावा नाकारणे मी समजू शकतो, पण त्यासाठी भावाने बहिणीशी बोलणे का थांबवावे, हे मला अजून कोणी पटवून दिलेले नाही.