लेकीचा नव्या सायकलसोबत फोटो काढायचाय, मागे पूर्ण काळोख आणि फक्त तिच्यावर प्रकाश, लायटिंग कसं करू?

मिरजेचा_कॅमेरा

नमस्कार मंडळी. लेक ७ वर्षांची आहे, दसऱ्याला तिला २० इंची लाल सायकल घेतली, सपोर्टची चाकं नसलेली पहिलीच. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही, शाळेतून आली की दप्तर टाकते आणि फडकं घेऊन रिम पुसत बसते. तिचा सायकलसोबत एक मोठा फोटो करून हॉलमध्ये लावायचाय, पण अंगणात उन्हात उभं करून काढतात तसला नको. मागे सगळा काळोख, एका बाजूनं येणारा प्रकाश आणि त्यात फक्त ती नि सायकल, नाटकात स्टेजवर स्पॉट पडतो ना तसं काहीतरी डोक्यात आहे.

सामान म्हणाल तर निकॉन डी५६००, किटची १८-५५ लेन्स, ३५ एमएम १.८, गोडॉक्सचा टीटी६०० फ्लॅश नि तो लांबून पेटवायचा ट्रिगर, एक लाइट स्टँड. सॉफ्टबॉक्स (प्रकाश मऊ करणारी कापडी पेटी) नाही. जागा आमच्या बिल्डिंगचं पार्किंग, भिंती पांढऱ्या आणि छत बुटकं. फ्लॅश कॅमेऱ्यावर लावून मारला की मागची भिंत, पाण्याचे पाइप, शेजाऱ्यांच्या स्कूटर सगळं उजळून निघतं, चेहरा सपाट येतो आणि चाकातले रिफ्लेक्टर असे पेटतात की नजर तिथंच जाते. दिवसा काढावं तर या कॅमेऱ्यात फ्लॅशबरोबर शटर १/२०० सेकंदापेक्षा वेगानं चालत नाही, म्हणजे दिवसाचा उजेड दाबून काळोख करताच येत नाही. काय करू? हजार-दीड हजारापर्यंत खर्च चालेल.

उजेडवेडा

आहे त्या सामानात होतं हे, लगेच खर्चात पडू नका. सुरुवात फ्लॅश बंद ठेवून करायची. अंधार पडल्यावर पार्किंगमध्ये जा, वॉचमन काकांना सांगून तेवढ्या भागातल्या ट्यूब बंद करून घ्या, कॅमेरा मॅन्युअलवर, आयएसओ (कॅमेरा उजेड किती चटकन टिपतो तो आकडा) १००, शटर १/२००, अ‍ॅपर्चर ५.६ (लेन्सचं तोंड किती उघडं तो आकडा), आणि एक फोटो मारा. तो जवळजवळ काळाकुट्ट यायला पाहिजे. तसा आला की समजायचं, आता फोटोत जे काही दिसेल ते फक्त फ्लॅशमुळे दिसेल, पार्किंगचा त्यात काही वाटा नाही. मग एकेक प्रकाश आपण ठरवून आत घ्यायचा. नाहीतर आधी फ्लॅश लावायचा आणि मग नको ते झाकत बसायचं, त्यात रात्र जाते.

दुसरं म्हणजे अंतर, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. मुलगी नि सायकल भिंतीपासून जेवढी पुढे आणता येईल तेवढी आणा, फ्लॅश मात्र तिच्या जवळ ठेवा. अंतर दुप्पट झालं की प्रकाश पाव होतो, हे शाळेतलंच गणित. फ्लॅश तिच्यापासून ४ फुटांवर आणि मागची भिंत फ्लॅशपासून १६ फुटांवर असली तर भिंतीला तिच्या सोळावा हिस्सा प्रकाश मिळतो, म्हणजे ४ स्टॉप खाली (एक स्टॉप खाली म्हणजे प्रकाश निम्मा), पांढरी भिंतसुद्धा गडद होऊन जाते. तोच फ्लॅश तिच्यापासून लांब, समोरच्या भिंतीकडून टाकलात तर मुलगी आणि मागची भिंत दोघींना जवळपास सारखाच मिळणार आणि काळोख गेला.

फक्त एक सांभाळा, सायकल तशी लांब असते, त्यामुळे फ्लॅश अगदी पुढच्या चाकाच्या बाजूनं लावला तर पुढचं चाक पांढरं फक्क आणि मागचं चाक गायब. म्हणून स्टँड तिच्या चेहऱ्याच्या रेषेत, समोरून जरा तिरका, तिच्या डोक्यापेक्षा दीड-दोन फूट वर आणि तोंड खाली. लांबच्या गालावर डोळ्याखाली प्रकाशाचा छोटा त्रिकोण पडला की जागा जमली समजा. १७ व्या शतकात रेम्ब्रां जे चेहरे रंगवायचा त्यात हाच त्रिकोण दिसतो, त्याच्याच नावानं हे लायटिंग ओळखतात.

फ्लॅशला लावतात ती पांढरी छत्री लावू नका, तुमच्या पार्किंगमध्ये पांढऱ्या भिंती आणि बुटकं छत, छत्रीतून प्रकाश चारी बाजूंना सांडतो आणि सगळीकडून परत येतो. काळ्या कार्डशीटची ८-१० इंचांची नळी करून फ्लॅशच्या तोंडाला टेपनं बसवा, फ्लॅशची पॉवर १/३२ (पूर्ण ताकदीचा बत्तिसावा हिस्सा) पासून सुरू करून वर-खाली करा. सावली फार कडक वाटली तर तुमच्या बजेटमध्ये ग्रिडवाला (तोंडाला जाळी असलेला) ६० सेंटीमीटरचा सॉफ्टबॉक्स बघा, तो प्रकाश मऊही देतो आणि सांडूही देत नाही, पॉवर मात्र वाढवावी लागेल.

रिफ्लेक्टरचं उत्तर यातच आलं. रिफ्लेक्टर काय, रेडियमच्या पट्ट्या काय, प्रकाश ज्या दिशेनं आला त्याच दिशेला परत पाठवतात. फ्लॅश लेन्सच्या डोक्यावर असला की सरळ लेन्समध्ये येतो, फ्लॅश बाजूला गेला की तो फ्लॅशकडेच परत जातो. फोटोसाठी ते काढू मात्र नका, रस्त्यावर लागतात ते.

आरती_के

वरचं सगळं पटलं, मी फक्त लेकराच्या बाजूनं बोलते. दादा, तिला शेवटी बोलवा. लाइट, फोकस, पॉवर सगळं घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी त्या जागी स्टुलावर बसवून ठरवून घ्या, डोकं तिच्याच उंचीला येईल असं. ७ वर्षांचं मूल अंधाऱ्या पार्किंगमध्ये "थांब हं, अजून एक" ऐकत किती वेळ उभं राहणार, थोड्या वेळात कंटाळतं आणि मग हसू येतं ते सांगून आणलेलं.

हेल्मेट घालून फोटो काढणार असाल, आणि काढाच, तर वरून आलेल्या प्रकाशात हेल्मेटच्या पुढच्या कडेची सावली बरोबर डोळ्यांवर पडते. तेव्हा फ्लॅश थोडा खाली घ्या नाहीतर हेल्मेट कपाळावरून नीट बसवून तिला हनुवटी किंचित उचलायला सांगा. फ्लॅश चेहऱ्याच्या खालून मात्र कधीच नको, लहान मूल भेसूर दिसतं. आणि अंधाऱ्या बाजूचा डोळा पूर्ण काळा जाऊ देऊ नका, त्या बाजूला थर्माकोलची शीट कुणाला तरी धरायला द्या, फोटोत दिसणार नाही इतपत जवळ. तेवढ्यानं डोळ्यात एक ठिपका चमकतो आणि चेहरा जिवंत राहतो. मला वैयक्तिक असे फोटो फार आवडतात पण लहान मुलांचे कधी कधी उगाच उदास होऊन जातात, त्यावर हा उपाय आहे.

आणि पोझ कशाला द्यायची हो? ती रिम पुसते म्हणालात ना, मग तेच करू द्या. फडकं हातात, गुडघ्यावर बसलेली, चेहरा चाकाजवळ, प्रकाश दोन्हींवर एकदम पडतो. कॅमेरा पण खाली घ्या, हँडलच्या उंचीला. उभ्यानं वरून काढलं की सायकल चपटी दिसते.

जुना_स्टुडिओ

सायकलीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. चकचकीत रंग आणि क्रोम यांच्यावर तुम्ही प्रकाश टाकून ते उजळत नाहीत, त्यांच्यात समोरचं जे असेल तेच दिसतं. समोर काळोख असेल तर लाल फ्रेम काळपट दिसणार, फ्लॅशचा नुसता एक पांढरा टिपका येणार. फ्रेमच्या नळीवर लांबलचक रेघ हवी असेल तर त्या नळीत दिसेल असं समोर काहीतरी लांब पांढरं ठेवा. आरतीताईंनी सांगितलेली थर्माकोलची शीटच सायकलीच्या बाजूला उभी करून तिच्यावर थोडा प्रकाश जाऊ द्या, कॅमेऱ्यातून बघत शीट सरकवत राहा, एका जागी आली की हँडलपासून सीटपर्यंत रेघ उमटते. तीच जागा.

सायकल नेहमी चेनच्या बाजूनं. साइड स्टँड डावीकडे असतो, त्यामुळे सायकल कॅमेऱ्यापासून पलीकडे कलते आणि स्टँड फारसा दिसत नाही. कॅमेऱ्याकडचं पॅडल पुढे, जमिनीला समांतर, पुढचं चाक कॅमेऱ्याकडे थोडंसं वळवलेलं. सीटवरचं प्लॅस्टिक काढलं नसेल तर त्या दिवसापुरतं तरी काढा, फ्लॅशमध्ये फार वाईट चमकतं. झेंडूचा हार असेल तर ठेवा की, मागून थोडा प्रकाश मिळाला तर पाकळ्या आतून पेटल्यागत दिसतात.

फ्लॅश नसलेल्यांसाठी एक जुनी युक्ती, आरसा. कपाटाचा मोठा आरसा उन्हात गच्चीवर किंवा अंगणात ठेवून ऊन अंधाऱ्या पॅसेजमध्ये सोडायचं. १९५९ च्या ‘कागज के फूल’ सिनेमामध्ये स्टुडिओत पडणारा तो प्रसिद्ध प्रकाशाचा झोत कॅमेरामन व्ही. के. मूर्तींनी आरशांनी ऊन आत घेऊनच केला होता. सूर्याची किरणं आपल्यापर्यंत समांतर येतात म्हणून झोत लांब गेला तरी दिव्यासारखा भराभर मंदावत नाही. पॅसेजमध्ये ऊद-धूप लावून जरा धूर केला की झोत हवेतही दिसतो. पण तो झोत मुलीच्या डोळ्यांवर अजिबात येता कामा नये, खांद्यावर, केसांवर आणि सायकलीवर, मागून बाजूनं. आरशाजवळ एक मोठा माणूस उभा हवाच, सूर्य सरकला की झोतही सरकतो.

पमा_नाशिक

माझ्याकडे नुसता मोबाइल आहे, मला यातलं काही जमेल का?

आरती_के

जमेल की पमाताई. घराचा मुख्य दरवाजा अर्धा उघडा ठेवा, आतले सगळे दिवे बंद, बाकी पडदे लावलेले. सायकल दारापासून दोन-तीन फूट आत, मूल दाराकडे तिरकं बघतंय असं. तुम्ही आतल्या बाजूनं काढा, मागे घरातला काळोख येईल असं उभं राहून. स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट दाबून धरा, फोकस-एक्स्पोजर लॉक होतं, मग बोटानं खाली ओढा, चेहरा नीट आणि मागचं काळं होईपर्यंत. नाइट मोड बंद ठेवा, तो काळोख उजळवायलाच बनवलाय. ऊन थेट आत येत नसेल अशी वेळ बघा.

मिरजेचा_कॅमेरा

सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री पहिला राउंड झाला. मेहुण्याला स्टुलावर बसवून सेटिंग केलं, पॉवर १/१६ वर गेली, रिफ्लेक्टर खरंच शांत झाले, गालावरचा त्रिकोण आला. लेकीला खाली आणल्यावर तिनं आपणहून घंटी पुसायला घेतली, जीभ जरा बाहेर, भुवया आक्रसलेल्या, आणि घंटीच्या वाटीत तिचाच चेहरा बारीकसा दिसतोय, हे मी कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर मोठं करून बघितलं तेव्हा कळलं. खूप छान वाटलं.

आता अडचण एकच, टायर. टायर काळे, मागे काळं, सीट पण काळी. रिम नि तारा हवेत तरंगल्यासारख्या दिसतात, खालची सायकल कुठं संपते तेच कळत नाही. शिवाय अंधारात कॅमेरा फोकस शोधत बसतो.

उजेडवेडा

फोकससाठी मोबाइलची टॉर्च घंटीवर किंवा डोळ्याच्या बाजूला कपाळावर मारून फोकस घ्या, मग लेन्स मॅन्युअलवर करून टॉर्च बंद. मुलगी जागेवरून हलली की परत. ५.६ ला फोकस जरा मागेपुढे झाला तरी थोडीफार मोकळीक मिळते.

टायरला कड लागते, म्हणजे मागून प्रकाश. दुसरा फ्लॅश घेऊ नका, घरातली ४ फुटी एलईडी बॅटन ट्यूब एक्स्टेन्शनवर घेऊन सायकलीच्या मागे, फ्रेमच्या बाहेर, जमिनीला आडवी ठेवा, तोंड सायकलीकडे. लेन्समध्ये थेट दिसू देऊ नका, मध्ये काळं कापड किंवा पुठ्ठा आडवा धरा. टायरच्या वरच्या गोलाईवर, सीटच्या कडेला, तिच्या केसांवर बारीक रेघ येईल आणि सगळं काळोखातून सुटं होईल. आता ट्यूब सतत जळणारी आहे, १/२०० ला ती नीट येणार नाही, शटर १/५० पर्यंत खाली आणा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, काही ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, म्हणून १/५० किंवा १/१०० वर प्रत्येक फोटोत उजेड सारखा मिळतो, मधल्याच कुठल्यातरी शटरला पट्टे येऊ शकतात. तरी कमी पडला तर आयएसओ ४०० करा आणि फ्लॅशची पॉवर तेवढीच, म्हणजे २ स्टॉप, खाली आणा. १/५० ला तिची हालचाल मुख्यतः फ्लॅशच गोठवतो, त्यामुळे चेहरा हलणार नाही, कडेची रेघ किंचित हलली तर चालतं.

आणि फरशी ओली करा. एक बादली पाणी ओतून खराट्यानं पसरवा. कोरडी फरशी नुसती काळी जाते, ओल्या फरशीत ती ट्यूबची रेघ उमटते आणि टायरचा काळा आकार त्यावर नीट कापल्यागत दिसतो. फक्त ओल्यावर सायकल चालवायची नाही, उभीच ठेवा, ट्यूबची वायर आणि एक्स्टेन्शनचा बोर्ड पाण्यापासून लांब, उंचावर, आणि तिला चपला घाला.

जुना_स्टुडिओ

घंटीतला चेहरा वाचून बरं वाटलं, तो फोटो ठेवाच. प्रिंट करण्याआधी मात्र एक करा. स्क्रीन आतून उजळलेली असते, कागद नसतो, त्यामुळे असे काळोखाचे फोटो कागदावर नेहमी जास्त गडद उतरतात, टायरची जी बारीक रेघ स्क्रीनवर दिसते ती प्रिंटमध्ये जाऊ शकते. मोठी साइज देण्याआधी त्याच लॅबमधून, त्याच कागदावर एक ४ बाय ६ काढून घ्या आणि तो हॉलमध्ये जिथं लावणार त्याच भिंतीवर, संध्याकाळच्या दिव्यात धरून बघा. कमी वाटलं तर फाइल अर्धा स्टॉप उजळा. लॅबवाल्याला स्पष्ट सांगा की ऑटो करेक्शन नको, नाहीतर मशीन फोटो अंधारलेला समजून उजळवतं आणि मागची भिंत, पाइप परत वर येतात. कागद मॅट घेतलात तर हॉलमधली ट्यूब त्यात चमकणार नाही, पण काळं थोडं फिकं दिसेल, ग्लॉसीत काळं खोल येतं. समोर खिडकी नसेल तर मी ग्लॉसी घेईन.