मदत हवी आहे : कला शाखेसाठी संख्यात्मक विचारक्षमतेचा अभ्यासक्रम

नमस्कार. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या आराखड्यानुसार आमच्या स्वायत्त महाविद्यालयात कला शाखेच्या प्रथम वर्षासाठी दोन श्रेयांकांचा, म्हणजे ३० तासिकांचा, संख्यात्मक विचारक्षमतेचा अनिवार्य अभ्यासक्रम नव्याने बेतायचा असून मसुद्याची जबाबदारी माझ्याकडे आली आहे.

सध्याचा अभ्यासक्रम बारावीच्या गणिताची पातळ आवृत्ती आहे. दहावीनंतर गणिताला रामराम ठोकलेल्यांना निश्चयक (डिटरमिनंट) सोडवायला लावून काय साधते, हे मला तरी कळलेले नाही. त्याऐवजी व्याजदर ८ वरून १० टक्क्यांवर गेल्यास ती वाढ वजाबाकीने २, पण मूळ दराच्या तुलनेत २५ टक्के कशी, कर्जावरचे व्याज मूळ रकमेवर आकारले आणि घटत्या शिलकीवर आकारले तर हप्त्यात किती फरक पडतो, आणि मोजक्या श्रीमंतांमुळे सरासरी उत्पन्न फुगते तेव्हा मध्यक (उत्पन्ने क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) का पाहावा, हे एक्सेलवर करून घ्यावे असे मला वाटते. यावर गणित विभागाचा आक्षेप दर्जा घसरण्याचा आहे.

असा अभ्यासक्रम कोणी राबवला असल्यास तो कोणत्या विभागाने शिकवला आणि मोठ्या वर्गात पाठांतराला वाव न देणारे मूल्यमापन कसे केले, हे कृपया सांगावे. नमुना प्रश्नपत्रिका मिळाल्यास फारच उपयोग होईल.