चवथीचा नैवेद्य: आधी काय करून ठेवावे आणि न चाखता मीठ कसे साधावे?

म्हापशाची सून
नमस्कार. आमच्या घराण्याची चवथ (गणेश चतुर्थी) गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या मूळ घरी होते आणि सोवळ्यातला स्वयंपाक थोरल्या जाऊबाई पाहतात. त्या घराची दुरुस्ती चालू असल्यामुळे यंदा गणपती आमच्या म्हापशाच्या घरी येणार आहे, तेव्हा तृतीयेच्या, हळदीच्या पानात वाफवलेल्या पातोळ्यांपासून पंचमीच्या उत्तरपूजेपर्यंतचा सगळा नैवेद्य मला एकटीला रांधायचा आहे. नेवऱ्या (करंज्या), खतखते (मिश्र भाज्यांचे कालवण), मणगणे (चण्याच्या डाळीची खीर) यांपैकी आदल्या दिवशी काय उरकून घेता येईल? पातोळी पानाला चिकटू नये म्हणून काय करावे? आणि मुख्य म्हणजे, देवाला दाखवण्याआधी काही चाखायचे नसते, मग मिठाचा अंदाज कसा घ्यावा? कृपया जाणकारांनी सांगावे.

काणकोणची काकी
सूनबाई, नेवऱ्या दोन दिवस आधी तळून ठेवता येतात, मात्र तशा ठेवायच्या असतील तर सारणात ओला नारळ घालू नये. सुक्या खोबऱ्याचा कीस, रवा, तीळ आणि खसखस निरनिराळी भाजून घ्यावीत आणि ती पूर्ण निवल्यावरच पिठीसाखर व वेलचीपूड मिसळावी, कारण गरम सारणात साखर ओल धरते. पिठाला कडकडीत तुपाचे मोहन द्यावे, कडांना दुधाचे बोट लावून त्या नीट दाबाव्यात, आणि तळताना आच मध्यम ठेवावी. भाद्रपदातली हवा दमट. नेवऱ्या कोमट असताना डब्यात भरल्या तर आतल्या आत वाफ धरून नरम पडतात.

पातोळ्यांसाठी तांदूळ 4 तास भिजवून अगदी गंधासारखे बारीक वाटावेत आणि पाणी बेतानेच घालावे. नारळ आणि माडाचा गूळ यांचे चून (सारण) कढईत गोळा होईपर्यंत आटवावे. ते पातळ राहिले तर पातोळी फुटते. हळदीच्या पानाच्या गुळगुळीत बाजूवर पीठ बोटांनी पातळ सारवून, मध्ये चून पसरून, पान मधल्या शिरेवर मिटावे आणि सुमारे 15 मिनिटे वाफवावे. वाफेवरून काढल्याबरोबर पान सोलण्याची घाई करू नये. थोडे निवू दिले की ते अलगद सुटते आणि पानाच्या शिरान् शिर पातोळीवर उमटलेली दिसते. चून आदल्या रात्री करून ठेवावे, पण तांदूळ रात्री वाटून ठेवू नयेत. या दिवसांत पीठ सकाळपर्यंत आंबते आणि आंबूस पातोळी देवापुढे ठेवणे मला तरी पटत नाही.

मणगण्याची चण्याची डाळ आणि साबुदाणा रात्री भिजत घालावेत. नारळाचे रस सकाळीच काढावेत.

अंत्रुजकर
मिठाबद्दल सांगतो. आमच्या घरी चवथीला पुरुषही सोवळ्याने रांधायला बसतात आणि मीठ हाताच्या अंदाजाने न टाकता मापून घालतात. चवथीच्या आधी एखाद्या साध्या दिवशी त्याच टोपात, तेवढ्याच भाज्यांचे खतखते करून पाहावे, मीठ आणि गूळ चमच्याने मोजून घालावेत आणि ते माप लिहून ठेवावे. तयार झालेल्या साधारण 2 लिटर खतखत्याला बारीक मिठाचे 3 सपाट चहाचे चमचे पुरतात, असा आमचा अनुभव आहे. खडे मीठ घेत असाल तर ते कुटून मगच मोजावे, नाही तर चमच्यात खड्यांमध्ये पोकळी राहून मीठ कमी पडते. वरण आणि मुगागाठी (मोड आलेल्या मुगांची उसळ) यांचेही माप असेच आधी ठरवून ठेवता येईल.

काकींनी सांगितलेल्या सुक्या सारणाच्या नेवऱ्या टिकाऊ खऱ्या. पण फोंड्याकडे काही घरांतून ओल्या चुनाच्याच नेवऱ्या देवाला दाखवतात. तुमच्या जाऊबाईंना विचारून घ्यावे आणि घरचा आचार तसा असेल, तर सोयीसाठी तो मोडू नये; नैवेद्यापुरत्या तेवढ्या नेवऱ्या चतुर्थीच्या सकाळी तळाव्यात.

म्हापशाची सून
दोघांचे मनापासून आभार. जाऊबाईंना विचारले, आमच्याकडे ओल्या चुनाच्याच असतात. आता दोन शंका उरल्या. नैवेद्यावर तुळशीपत्र ठेवावे की दूर्वा? आणि खतखत्यात सुरण घशाला खवखवू नये म्हणून काय करावे?

अंत्रुजकर
एरवी गणपतीला तुळस वाहत नाहीत. चतुर्थीच्या पत्रीत ती असते, तरी नैवेद्यावर पाणी फिरवायला आमच्याकडे दूर्वाच घेतात. पाण्याचे चौकोनी मंडल करून त्यावर पान ठेवावे, दूर्वांनी पाणी प्रोक्षण करावे आणि ‘प्राणाय स्वाहा’पासून ‘ब्रह्मणे स्वाहा’पर्यंत सहा आहुती म्हणाव्यात. पानावरचे सगळे पदार्थ त्याआधी वाढून झालेले असावेत.

काणकोणची काकी
सुरण चिरण्याआधी हातांना तेल लावावे आणि फोडी आमसुलाच्या पाण्यात भिजवून ठेवाव्यात. नंतर त्या वेगळ्या उकडून ते पाणी टाकून द्यावे. खतखत्यात आधी मुळा, शेंगा, मक्याची कणसे अशा शिजायला वेळ लागणाऱ्या भाज्या घालाव्यात. भोपळा आणि रताळे मागाहून, नाही तर त्यांचा लगदा होतो. मग शिजलेली तूरडाळ आणि नारळाचे वाटप घालावे. तिरफळे (एक सुवासिक मसाला) घेऊन त्यांतल्या काळ्या बिया काढून टाकाव्यात, साली किंचित ठेचून कोमट पाण्यात ठेवाव्यात आणि ते पाणी सालींसकट शेवटच्या उकळीला ओतून लगेच झाकण घालावे. खतखत्याला फोडणी देऊ नये. तिरफळांचा वास तिच्याखाली दबून जातो.