मदत हवी आहे: आल्बर्टस फॉन्ट फक्त मथळ्यांनाच वापरू की आतल्या मजकुरालाही?

नमस्कार मंडळी,
ब्राँझ शिल्पांच्या प्रदर्शनाचा इंग्रजी कॅटलॉग करतेय, मुखपृष्ठाला आल्बर्टस लावायचा हे नक्की झालंय. माहीत नसेल त्यांच्यासाठी, यात अक्षराची दांडी टोकाकडे जाताना हळूहळू रुंद होते, टाइम्ससारखी वेगळी जोडलेली सेरिफ (टोकाची छोटी आडवी रेघ) नसते पण हेल्व्हेटिकासारखं सरळसोट टोकही नसतं. बर्थोल्ड वोल्पे हा मूळचा जर्मनीचा, ब्राँझवर अक्षरं करायचा आणि तीसुद्धा अक्षर खोदून नाही, आजूबाजूचा धातू काढून टाकायचा म्हणजे अक्षर उठून दिसतं. ते काम आवडून मोनोटाइप या फॉन्ट बनवणाऱ्या कंपनीच्या स्टॅनली मॉरिसनने १९३२ मध्ये त्याच्याकडून छपाईसाठी तशी अक्षरं मागितली, आधी कॅपिटल आली, स्मॉल नंतर. म्हणजे शिल्पांच्या पुस्तकाला याच्याइतकं चपखल दुसरं काय असणार!

अडचण अशी की आयोजकांना हा इतका आवडलाय की सगळा मजकूर यातच हवाय म्हणतात. ९ पॉइंटला पान छापून पाहिलं तर फार काळं आणि दाटलेलं वाटतंय, पण नेमकं का ते मला समजावून सांगता येत नाहीये. कोणी सांगेल का? आणि आत दुसरा फॉन्ट घ्यायचा तर कुठला?

प्रतिसाद १:
तुमचं बरोबर आहे, ठाम राहा. या अक्षराचा सगळा जीव त्या पसरत जाणाऱ्या टोकांत आणि तासून काढल्यासारख्या कडांत आहे, ९ पॉइंटला ते दिसतच नाही, उरते ती फक्त जाड रेघ, म्हणून पान काळं. लंडन शहराच्या जुन्या भागात, म्हणजे सिटी ऑफ लंडनमध्ये, रस्त्यांच्या नावांच्या पाट्या आल्बर्टसमध्ये आहेत आणि तिथे तो काय शोभतो! दोन-तीन शब्द, मोठा आकार, भोवती मोकळी जागा. आयोजकांना तोच परिच्छेद दोन फॉन्टमध्ये छापून शेजारी ठेवा, वाद घालावा लागणार नाही. कॅपिटलमध्ये मथळा करत असाल तर अक्षरांमधलं अंतर थोडं वाढवा, नाहीतर रुंद टोकं एकमेकांना चिकटतात.

धागाकर्ती:
खूप आभार, हेच कारण हवं होतं. मग आत ऑप्टिमा चालेल का? तोही टोकाला पसरतो ना, म्हणून जमेल असं वाटलं.

प्रतिसाद २:
ऑप्टिमा सुंदरच आहे, हेरमान झाप्फने १९५० मध्ये फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचे चर्चमधल्या थडग्यांवरची अक्षरं बघून १००० लिराच्या नोटेवर त्याची पहिली रेखाटनं केली होती, बाजारात आला १९५८ मध्ये. मजकुरालाही चालतो. पण आल्बर्टसच्या शेजारी मी नाही घेणार, दोघांचा स्वभाव अर्धवट सारखा आहे त्यामुळे मुद्दाम निवडलाय असं न वाटता चुकून दुसराच फॉन्ट पडलाय असं वाटतं. बेंबोसारखा शांत जुन्या वळणाचा सेरिफ घ्या. आणि शिल्पांची नावं आल्बर्टसमध्येच ठेवायची असतील तर २०१७ ची आल्बर्टस नोव्हा बघा, तोशी ओमागारीने केलीय, त्यात बारीक वेटही (म्हणजे कमी जाडीची रूपं) आहेत. पण १४ पॉइंटच्या खाली जाऊ नका.

धागाकर्ती:
बेंबो लावून पान छापलं, एकदम मोकळं झालं. नावांना नोव्हाचं लाइट वेट १६ पॉइंटला ठेवतेय, आता नमुने आयोजकांकडे पाठवते.