मेडिकेअरचे नवे पेशंट नकोत: डॉक्टरांचा लोभ की नाइलाज?

एडिसनची सून: सासूबाईंच्या ग्रीनकार्डाला पाच वर्षं झाली, म्हणून मेडिकेअर, म्हणजे अमेरिकेतला म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्यविमा, विकत घेता आलं. दरमहा हप्ता भरतोय. आता घराजवळच्या क्लिनिकची रिसेप्शनिस्ट म्हणते, "जुने मेडिकेअर पेशंट बघतो, नवे घेत नाही." माझा नोकरीचा विमा मात्र चालतो! या देशात डॉक्टरांच्या रेसिडेन्सीचा, म्हणजे पदवीनंतरच्या हॉस्पिटलमधल्या प्रशिक्षणाचा, मोठा खर्च मेडिकेअरच उचलतं. शिकून झालं की म्हाताऱ्यांना दार बंद? मला हा निव्वळ लोभ वाटतो.

बिलिंगवाली: मी डॉक्टरांच्या ऑफिसात बिलं पाठवते, म्हणून बोलते. मेडिकेअर प्रत्येक कामाचे युनिट धरतं आणि त्याला कन्व्हर्जन फॅक्टरने, म्हणजे एका युनिटच्या डॉलरमधल्या दराने, गुणतं. तो २०२३ साली ३३.८९ डॉलर होता, २०२५ साली ३२.३५. या काळात कुणाचं भाडं उतरलं, की नर्सचा पगार? हॉस्पिटलांचे दर दरवर्षी महागाई बघून ठरतात, डॉक्टरांच्या फीला ती सोय नाही. शिवाय मंजूर रकमेच्या ८० टक्केच मेडिकेअर देतं, उरलेल्यासाठी पेशंटच्या किंवा मेडिगॅपच्या (वरची रक्कम भरणारा खासगी जोडविमा) मागे लागा. आणि सासूबाई येणार पिशवीभर गोळ्या घेऊन. मधुमेह, बीपी, गुडघे, वर दुभाषी म्हणून तुम्ही. पंधरा मिनिटांत आटपेल?

तिरकस काका: रडगाणं पुरे. मेडिकेअरमधून रीतसर बाहेर पडलेले डॉक्टर जेमतेम एक टक्का, त्यांतही मानसोपचारवाले जास्त. परवडत नसतं तर सगळेच पळाले असते. खासगी विमा जास्त देतो, म्हणून आधी ती गिऱ्हाइकं, एवढंच.

बिलिंगवाली: काका, बाहेर पडलं की दोन वर्षं बाहेरच, म्हणून फारसं कुणी ते धाडस करत नाही. 'नवे नकोत' म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही.

तिरकस काका: म्हणजे मी म्हणतो तेच! पैसे मिळतात तोवर जुने ठेवायचे, नव्यांना हळूच बाजूला सारायचं.

डेट्रॉईटकर: दोघांचं एक राहिलं. तीच तपासणी हॉस्पिटलच्या मालकीच्या ओपीडीत झाली तर मेडिकेअर एकूण जास्त मोजतं. छोटे डॉक्टर प्रॅक्टिस हॉस्पिटलला विकतात, त्याचं हेही एक कारण.

एडिसनची सून: म्हणजे पैसा आहे, फक्त पाटी मोठी हवी! मग चिडायचं कुणावर, डॉक्टरवर की हे कायदे करणाऱ्या काँग्रेसवर, म्हणजे इथल्या संसदेवर?

बिलिंगवाली: काँग्रेसवर निवांत चिडा. उद्या मात्र त्याच क्लिनिकला फोन करून नर्स प्रॅक्टिशनरकडे (पेशंट तपासून औषध लिहून देणारी, जास्त शिकलेली नर्स) जागा आहे का विचारा. आमच्याकडे नवे मेडिकेअरवाले तिथेच घेतो.

तिरकस काका: घ्या! आता डॉक्टरही नाही.