फौजी आजोबांच्या आठवणी कशा जपायच्या?

प्रश्न: आजोबा मागच्या महिन्यात गेले. रिटायर झाल्यावरही माणूस गप्प बसला नाही, सत्तरी ओलांडून पॅराग्लायडिंग केलं आणि आजीला कळलं ते थेट फोटो बघून 😄 आता त्यांच्या ट्रंकेत मेडल्स, डायऱ्या आणि नावं नसलेले ढीगभर फोटो सापडलेत. सुरुवात कुठून करू?

भटक्या: आधी एक सांगतो, मेडल्स चकचकीत करायच्या भानगडीत पडू नकोस! बऱ्याच मेडल्सच्या कडेवर सर्व्हिस नंबर, रँक, नाव कोरलेलं असतं, पॉलिशने घासून घासून ते पुसट होतं. नंबर मिळाला की लष्कराच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र टाकता येतं.

निशा: फोटोंमागे मऊ पेन्सिलीने हलकेच लिही, बॉलपेन नको, पुढच्या बाजूला उमटतं. आणि त्यांचे जुने साथीदार असतील तर लवकर गाठ, नुसतं विचारलं तर ‘काही नाही रे’ म्हणतील पण फोटो पुढे ठेवला की सुटतात, तेव्हा मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू ठेव.

प्रश्नकर्ता: कडेवर नंबर आहे खरंच! पण शेवटचा आकडा ३ की ८ कळेना.

भटक्या: टॉर्च बाजूने तिरका धर, मग बघ.